सूर्याने जपलेली आठवण

नंदुरबारचे हुतात्मा शिरीषकुमार स्मारक खानदेशातील तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार व त्याचे चार सोबती धारातीर्थी पडले. दगडी स्मारक एकदा बांधले की उभे राहते. पण स्मारक झाडांचे असेल तर? ते दरवर्षी वाढते आणि दरवर्षी पाणी मागते.

असे एक स्मृतिवन इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात, ॲलरवॅस या गावाजवळ आहे. वाळू-खडीच्या जुन्या खाणींच्या जागेवर ते उभारले आणि २००१ साली लोकांसाठी खुले केले. सुमारे १५० एकरांत पंचवीस हजारांहून अधिक झाडे आहेत. सैनिकांबरोबर पोलीस, अग्निशामक दल आणि साध्या नागरिकांचीही स्मारके येथे आहेत. पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भित्रेपणा असे आरोप ठेवून ज्या सैनिकांना स्वतःच्याच सैन्याने पहाटे गोळ्या घातल्या, त्यांचे तीनशेहून अधिक खांब वनाच्या पूर्व कडेला रोवले आहेत. उगवत्या सूर्याचे किरण प्रथम त्यांच्यावर पडतात. या सैनिकांना २००६ साली माफी मिळाली.

वनातील उंचवट्यावर सैन्यदलांचे वर्तुळाकार दगडी स्मारक आहे. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता भिंतीतील फटीतून सूर्यकिरण आत येतो आणि मधोमध ठेवलेल्या पुष्पचक्रावर पडतो. पहिले महायुद्ध १९१८ साली याच दिवशी, याच वेळी थांबले होते.

हे कसे साधले? पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे सूर्याची आकाशातील वाट रोज थोडी सरकते. ११ नोव्हेंबरला सूर्य सुमारे १७.५ अंश दक्षिण अक्षांशावर डोक्यावर येतो. ॲलरवॅस सुमारे ५२.७ अंश उत्तरेस आहे. म्हणून तेथे त्या दिवशी ११ वाजता सूर्य क्षितिजापासून जेमतेम १९ अंश वर असतो. दिशा आणि उंची अशी आधी मोजून फट ठेवली, की काम झाले.

आता एक गंमत पाहा. ११ नोव्हेंबर हा २२ डिसेंबरच्या सुमारे ४० दिवस आधी येतो. तितकेच दिवस नंतर मोजले, तर आपण जानेवारीच्या अखेरीस पोचतो आणि सूर्य पुन्हा त्याच वाटेवर असतो. ३० जानेवारी हा तर आपला हुतात्मा दिन! १९४८ साली याच दिवशी गांधीजींची हत्या झाली. आपणही सकाळी ११ वाजता दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. मात्र तेव्हा ॲलरवॅसच्या फटीतून किरण सुमारे अर्धा तास उशिरा येईल. कारण सूर्य नोव्हेंबरात घड्याळाच्या १६ मिनिटे पुढे असतो, तर जानेवारीअखेर १३ मिनिटे मागे.

आता आपल्या शाळेचे गणित करू. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि जळगाव सुमारे ७५.५ अंशांवर. फरक ७ अंशांचा. दर अंशाला ४ मिनिटे, म्हणजे २८ मिनिटे. त्यात जानेवारीची १३ मिनिटे मिळवा. घड्याळात ११ वाजतात तेव्हा जळगावच्या सूर्याचे १० वाजून १९ मिनिटेच झालेली असतात. या वेळी सूर्याची उंची सुमारे ४४ अंश येते. ४५ अंशांवर काठीची सावली काठीइतकीच पडते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. म्हणून ३० जानेवारीला ११ वाजता मैदानात एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. सावली वायव्येकडे, एक मीटरहून किंचित लांब पडेल. सावलीच्या टोकाशी एक दगड पुरा. पुढच्या वर्षी त्याच क्षणी सावली पुन्हा तेथे येते का, ते तपासा.

काठीभोवती कडुनिंब, वड, चिंच लावायची असतील तर आग्नेयेकडील बाजू मोकळी ठेवा. तेथे दहा मीटर उंच वाढलेला कडुनिंब दहा मीटरपर्यंत सावली टाकेल आणि खूण झाकून जाईल. सूर्य आपली वेळ चुकवणार नाही. पण खानदेशच्या एप्रिल-मे महिन्यांत त्या रोपांना पाणी कोणी घालायचे? ती आठवण मात्र आपल्यालाच जपावी लागेल.