मालकी आणि मोकळीक : ‘द नाइफ’चा ‘डीप कट्स’ (लेखांक ६)

ध्वनिमुद्रिका काढणारी संस्था, म्हणजेच ‘लेबल’, ध्वनिमुद्रणाचा खर्च उचलते आणि त्या बदल्यात संगीताच्या स्वरूपावर अधिकार सांगते, हे मागील लेखांकात पाहिले. हा अधिकार कलावंतांनी स्वतःकडेच ठेवला तर काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे ‘द नाइफ’ या स्वीडिश जोडीचा २००३ साली प्रसिद्ध झालेला ‘डीप कट्स’ हा अल्बम होय. कारिन आणि ओलोफ ड्रेयर ही सख्खी भावंडे असून, त्यांनी तो ‘रॅबिड रेकॉर्ड्स’ या स्वतःच्याच लेबलतर्फे काढला.

या अल्बमच्या मुळाशी असलेले सिंथेसायझर हे विद्युत्‌-लहरींना आकार देऊन नाद घडवणारे वाद्य आहे. त्यावर इतर वाद्यांची नक्कल करता येते, तसेच कोणत्याही वाद्यातून न निघणारा नादही निर्माण करता येतो. त्यामुळे दोन माणसे बाहेरचे वादक न बोलावताही गाण्यागणिक शैली बदलू शकतात. मात्र विक्रीच्या दृष्टीने कलावंताची एकच ओळख सोयीची असल्याने व्यावसायिक लेबले अशा बदलांना सहसा उत्तेजन देत नाहीत. ‘डीप कट्स’मध्ये ही सोय पाहिलेलीच नाही. ‘हार्टबीट्स’मध्ये १९८०च्या दशकातील सिंथ-पॉपची, म्हणजे सिंथेसायझरच्या साथीने गायिलेल्या सुटसुटीत चालींच्या गाण्यांची, छाया आहे, ‘इज इट मेडिसिन’ नृत्यगृहाच्या वेगाने धावते, तर ‘पास धिस ऑन’मध्ये स्टीलपॅनसारखा नाद ऐकू येतो. स्टीलपॅन हे त्रिनिदादमध्ये तेलाच्या पिंपांपासून घडवले गेलेले आणि तेथील कार्निव्हलशी जोडलेले वाद्य असून, त्याचा उजळ, धातूचा टणत्कार या गाण्यात एका अवघडलेल्या प्रेमाच्या कबुलीखाली वाजत राहतो. समोरच्या व्यक्तीच्या भावावर मन जडल्याचे सांगणारा कारिनचा आवाज ताणलेला आणि किंचित धमकावणारा आहे, आणि नादातील उल्हास व आवाजातील ताण यांचा मेळ मुद्दामच घातलेला नाही; या गाण्याचे सारे सामर्थ्य त्या न जुळण्यात आहे. अल्बममधील सगळीच गाणी या तोडीची नाहीत, काही तर प्रयोगाच्या अवस्थेतच राहिली आहेत; परंतु ती वगळणाऱ्या सावध संपादकाने बहुधा ‘पास धिस ऑन’लाही कात्री लावली असती.

स्वातंत्र्याचा खर्च मात्र कोणाला तरी भागवावाच लागतो. ‘हार्टबीट्स’ हे गाणे स्वीडिश गायक होसे गोन्सालेस यांनी केवळ गिटारच्या साथीने गायिले आणि २००५ मध्ये सोनी कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोच्या उतारांवरून सुमारे २,५०,००० रंगीत चेंडू सोडून केलेल्या जाहिरातीत ते वापरले. गाणे रचणाऱ्यांच्या परवानगीशिवाय असा वापर करता येत नाही; ड्रेयर भावंडांनी ती दिली, आणि आपल्या लेबलसाठी पैशांची गरज होती, हे त्याचे कारणही उघडपणे सांगितले. जाहिरातबाजीपासून दूर राहू पाहणाऱ्या कलावंतांनी असा व्यवहार करणे यात काहींना विसंगती दिसते. वस्तुतः एका तयार गाण्याचा मर्यादित हक्क देऊन पुढच्या सर्व गाण्यांवरील ताबा राखण्याचा हा विचारपूर्वक केलेला सौदा होता.

याच अल्बमसाठी ‘ग्रामिस’ हा स्वीडनमधील मानाचा संगीत-पुरस्कार मिळाला, तेव्हा २००४च्या समारंभाला ही जोडी गेली नाही. तिच्या वतीने गोरिलाच्या वेशातील प्रतिनिधी गेले आणि त्यांच्या पोशाखावर ‘५०/५०’ असे लिहिलेले होते : संगीत व्यवसायातील पुरुषांच्या वर्चस्वाचा निषेध करून स्त्रियांसाठी निम्म्या वाट्याची ती मागणी होती.