सौर पॅनेलच्या उद्योगाची वाढ आणि पाटोद्याची विहीर

बीड जिल्ह्यातील पाटोदा हा बालाघाटाच्या पठारावरील अवर्षणग्रस्त तालुका होय. अशा भागात विहिरीवर सौर कृषिपंप बसू लागल्याने पॅनेल कोठे व कसे घडते, हा प्रश्न शेतकऱ्याच्याही हिताचा ठरतो.

मुंबईच्या 'वारी एनर्जीज' या कंपनीचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. तिचे नाव वारीच्या हनुमान मंदिरावरून पडले. २००७ मध्ये तिने पॅनेलनिर्मितीस आरंभ केला. २०२२ मधील सुमारे ४,००० मेगावॉटांची क्षमता २०२४ मध्ये १२,००० मेगावॉटांवर गेली. मात्र ही क्षमता जुळणीची होती. काचेखाली घट मांडून ते जोडणे आणि चौकट बसविणे, एवढेच तीत येते. प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारा सिलिकॉनचा घट बहुतांशी परदेशातून येत असे. २०२२ मध्ये केंद्र शासनाने आयात पॅनेलांवर ४० व घटांवर २५ टक्के शुल्क बसविले. २०२५ मध्ये कंपनीने गुजरातेत चिखली येथे घटनिर्मितीही सुरू केली.

या क्रमास महत्त्व आहे. 'पीएम-कुसुम' योजनेतील पंपांस देशी घटांचीच पॅनेले लागतात. म्हणून उद्योगाची वाढ केवळ मेगावॉटांत मोजणे अपुरे होय. देशी घट कमी पडल्यास जुळणीचे कारखाने कितीही असोत, पंपास विलंब होणारच.