सफारी आपल्या मेळघाटची

टीव्हीवर आफ्रिकेच्या जंगलाचा कार्यक्रम लागला की आमच्या घरी कोणी जागचे हलत नाही. चुलीवरची भाजी करपली तरी चालते. अफाट गवताळ मैदान, त्यात छत्रीसारखी एखाददुसरी बाभळ, नूचे कळप आणि गवतात दबा धरून बसलेली सिंहीण. अशाच एका रविवारी धाकट्याने विचारले, "बाबा, आपण सफारीला कधी जाऊ?" मोठी हसली. म्हणाली, "आधी बाबाचा पासपोर्ट तर काढू दे!"

मुलगी बोलली ते खरेच होते. पण मला एक गोष्ट सांगावीशी वाटली. सफारी हा शब्द काही गोऱ्या साहेबाचा नाही. पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास, आणि तो तिथे आला अरबी 'सफर'वरून. तोच सफर आपण रोज बोलतो. म्हणजे शब्द आपल्या घरातलाच. मग जंगलही घराजवळचे का नको? अमरावतीहून परतवाडा पन्नासेक किलोमीटर, पुढे घाट चढला की मेळघाट. आमच्या पिढीने हे नाव वर्तमानपत्रात दोनच कारणांसाठी वाचले, एक वाघ आणि दुसरे कुपोषण. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी देश हादरला होता. पण तिथे जाऊन आलेले आपल्या वस्तीत किती?

१९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत मेळघाटची निवड झाली. महाराष्ट्रातला हा पहिला व्याघ्र प्रकल्प. आज त्याचा एकूण पसारा सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला गाभा १,५०० चौरस किलोमीटर. केनियातले ते टीव्हीवरचे प्रसिद्ध मसाई मारा अभयारण्य आहे १,५१० चौरस किलोमीटरचे. म्हणजे नुसता गाभाच जवळपास तेवढा झाला! हे ऐकल्यावर धाकट्याचा चेहरा जरा खुलला.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. लाल गाडीने परतवाडा, तिथून चिखलदरा. सोबत शिदोरी होतीच, ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी वैराटकडे जाणारी जिप्सी केली. ही उघडी गाडी असते, सहा जण बसतात, सोबत गाईड घ्यावाच लागतो. आम्ही पाच होतो, एका मास्तरांना सोबत घेतले आणि खर्च वाटून घेतला. एकट्या कुटुंबाला हा खर्च जड जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या अर्ध्या तासातच मुलांच्या लक्षात आले की ही आफ्रिका नव्हे. तिथे मैदान मोकळे, मैलभर लांबचा सिंह दिसतो. इथे सातपुड्याच्या गाविलगड रांगा, खोल दऱ्या, साग आणि बांबू. वाघ दहा पावलांवर बसला असेल तरी दिसायचा नाही. मी गाईडला विचारले, "वाघ दिसन का जी?" तो म्हणाला, "दिसला त दिसला, दादा. तो तुमाले पाहून राह्यला असन, एवढं नक्की." कोरकू भाषेत वाघाला कुला म्हणतात हेही त्यानेच सांगितले. ही भाषा मराठीच्या आणि हिंदीच्या गोतातली नाही. झारखंडमधल्या मुंडारी, संथाळी या भाषांच्या गोतातली आहे. सातपुड्यात ती कशी टिकून राहिली, हा एक स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

वाघ आम्हाला दिसला नाही. ज्यांना फक्त वाघच बघायचा आहे त्यांनी मेळघाटला जाऊ नये, निराश होतील. आम्हाला दिसली ती चितळे, एक सांबर, ओल्या मातीत अस्वलाचे पाऊल आणि झाडाच्या सालीवर त्याच्या नखांचे ओरखडे. रानपिंगळ्याची गोष्ट गाईडने सांगितली. हे छोटे घुबड १८८४ नंतर शंभरावर वर्षे कोणाला दिसलेच नव्हते, संपले असेच सगळे धरून चालले होते. १९९७ साली ते शहाद्याकडे सापडले आणि नंतर मेळघाटातही. दिवसाउजेडी फिरणारे घुबड आहे म्हणे. आमची आई घुबडाचे नाव काढले की पदर सावरणारी, पण तीही मान वर करून झाडे न्याहाळू लागली.

वैराट हे या डोंगरातले सर्वात उंच ठिकाण, ११७८ मीटर. तिथे पोहोचलो आणि एकदम जंगल संपले. समोर गवताचे कुरण, वाऱ्यावर डुलणारे, कमरेइतके उंच. त्यात रानगवे चरत होते. नऊ मोजले. काळेभोर अंग, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. धाकटा ओरडलाच, "बाबा, आफ्रिका!" मास्तरांनी त्याला गप्प केले.

गाईड मात्र गव्यांकडे बघत नव्हता. हात लांब करून म्हणाला, "हे गाव होतं जी. तो बांध दिसून राह्यला ना, तो आमच्या मावशीच्या वावराचा."

मग नीट पाहिले. गवतात दगडांची सरळ रांग होती. पलीकडे घराजवळ लावतात तशी सीताफळाची दोन झाडे.

वाचकहो, त्या सफारीतली खरी गोष्ट ही आहे. मेळघाटातली अशी काही कुरणे म्हणजे उठवलेली गावे. माणसे गेली, नांगर थांबला, वावरात गवत वाढले. वनखाते तण काढते, चांगले गवत राखते. गवतावर चितळ आणि गवा येतो, त्यांच्या मागे वाघ. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे २००१ नंतरच्या दोनतीन वर्षांत हलली. पुढे वैराट, चुर्णी आणि इतर. कित्येक कुटुंबे अकोला जिल्ह्यात अकोटच्या परिसरात येऊन राहिली. २००८ पासून कुटुंबाला दहा लाख रुपये असा हिशेब होता, २०२१ मध्ये तो पंधरा लाखांचा झाला.

रक्कम ऐकायला मोठी वाटते. पण जंगलात मोह, टेंभुर्णीची पाने, डिंक, सरपण आणि गुरांचा चारा यांना पैसे पडत नाहीत, अकोटात प्रत्येक गोष्ट विकत. जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसन झालेली काही कुटुंबे, सांगितले ते मिळाले नाही म्हणून, पुन्हा जंगलातल्या आपल्या जुन्या गावी गेली. वनखाते आणि पोलिसांशी त्यांची चकमक झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. वनखात्याचा शिपाई तरी कोण असतो? आपल्यासारख्याच घरातला पोरगा.

आफ्रिकेतही हेच झाले आहे, ते टीव्ही दाखवत नाही. टांझानियातल्या सेरेंगेटीत मसाई लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारत होते. १९५९ साली इंग्रज सरकारने त्यांना तिथून उठवून शेजारच्या गोरोंगोरोकडे पाठवले. आपण टीव्हीवर जे 'माणसाचा स्पर्श नसलेले' मैदान पाहतो, ते माणूस काढून रिकामे केलेले आहे.

मी वाघाच्या विरोधात नाही. दर्यापूर, अंजनगावच्या खारपाणपट्ट्यात आपले किती नातेवाईक राहतात! त्यांच्या घरात गोडे पाणी येते ते शहानूर धरणाचे. अकोट, तेल्हाऱ्याच्या खेड्यांना वान धरणाचे. या दोन्ही नद्या सातपुड्याच्या याच डोंगरांतून उतरतात. जंगल गेले तर आधी आपल्याच माठात खडखडाट. पण कुरण राखायचे तर ज्याचे वावर गेले त्याचा हिशेब आधी चुकता झाला पाहिजे. २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या संमतीशिवाय गाव हलवता येत नाही, हे स्पष्ट लिहिले आहे. आणि गाव न उठवताही जंगल वाढते, याचे उदाहरण परतवाड्याजवळच आहे. पायविहीर गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला, गावाने उजाड टेकड्या राखल्या, आता तिथली सीताफळे बाजारात जातात. २०१४ साली त्या गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. सफारीहून परतताना तिथेही डोकवावे.

अकोल्याच्या वाचकांनी चिखलदऱ्यापर्यंत येण्याची गरज नाही. अकोटहून शहानूरचे फाटक जवळ आहे, नरनाळा किल्लाही त्याच वाटेवर. पूर्वी अकोला-खंडवा छोटी लाईन या जंगलातून जायची, धूळघाटला गाडी डोंगराला वेढा घालून चढायची आणि खिडकीतूनच फुकटात सफारी व्हायची. २०१७ पासून ती बंद आहे. आता नवी रुंद लाईन जंगलाबाहेरून न्यायचे ठरले आहे, आणि ते बरेच झाले.

जाणाऱ्यांनी फिके कपडे घालावेत, गाडीत बडबड करू नये, प्लॅस्टिक टाकू नये. पावसाळ्यात गाभ्यातल्या सफारी बंद असतात. आणि गाईडला वाघाखेरीज दुसरेही काही विचारावे. तो सांगतो.

अजून एक. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यांवर मचाणे बांधून लोकांना बसू देते. वैशाखात पाणी आटलेले असते, त्यामुळे जनावरे उरलेल्या पाण्यावर येतात आणि चांदण्यात दिसतात. पूर्वी ही मोजणी महत्त्वाची होती. आता वाघ कॅमेऱ्याने मोजतात, तरी अर्ज करणाऱ्यांची गर्दी असते. मुलांनी आतापासूनच माझ्यामागे धोशा लावला आहे. आई म्हणते, "तुमी जा मचाणावर. म्या विहारात जातो. खीर ठेवतो झाकून, सकाळी या लवकर."