हुशारी दुधाची की घराची?

अंगावर दूध प्यायलेली मुलं बुद्ध्यांकाच्या चाचणीत चार-दोन गुण जास्त मिळवतात, असं देशोदेशीचे अभ्यास अनेक वर्षं सांगत आले आहेत. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी स्तनपानाची बाजू रोज मांडते. पण खटपट करूनही दूध पुरेसं न आलेली आई अशी बातमी वाचून ‘माझ्यामुळे बाळ मागे पडेल का?’ असं विचारते, तेव्हा हे गुण नक्की कशाचे, ते नीट तपासून सांगणं मला माझं काम वाटतं.

श्रीमंत देशांत जी आई जास्त महिने पाजते, ती बहुधा जास्त शिकलेली असते, वयानं थोडी मोठी असते, सिगारेट ओढत नाही. घरात पुस्तकं असतात, मुलाशी बोलायला सवड असते. दुधाशीही नातं आणि बुद्धीशीही नातं, अशा तिसऱ्याच गोष्टीमुळे जो घोळ होतो, त्याला साथरोगशास्त्रात कन्फाउंडिंग म्हणतात.

हा घोळ किती मोठा असू शकतो, ते जेफ डेर आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवलं. माहिती अमेरिकेतली होती: 3,161 आया, त्यांची 5,475 मुलं. या आयांची स्वतःची बौद्धिक चाचणी 1980 साली, त्या तरुण असतानाच झालेली होती, आणि अशी नोंद फार थोड्या अभ्यासांकडे असते. वरवर पाहता स्तनपान झालेली मुलं सुमारे 4 गुणांनी पुढे होती. आईची बुद्धिमत्ता हिशेबात घेताच यातला बहुतेक फरक गेला. घरचं वातावरण, शिक्षण, गरिबी हे सगळं धरल्यावर उरला जेमतेम अर्धा गुण. एकाच आईची दोन मुलं, एक अंगावर प्यायलेलं आणि एक न प्यायलेलं, अशी तुलना केली तेव्हाही ठोस फरक दिसला नाही.

मग सगळे घटक गणितात घातले की झालं का? नाही. फॉर्मवर ‘शिक्षण: पदवी’ अशी एकच खूण असते. माझ्याकडे येणाऱ्या दोन पदवीधर आयांपैकी एकीच्या घरी आजी बाळाला मांडीवर घेऊन दिवसभर गप्पा मारत असते. दुसरी रजा संपताच कामावर रुजू झालेली, बाळ पाळणाघरात. खूण तीच, बाळाचा दिवस वेगळा. रकान्यात न मावलेला हा फरक निकालात शिल्लक राहतोच. शिवाय कमी दिवसांचं बाळ ओढून पिऊ शकत नाही आणि त्याचा विकासही उशिरा होऊ शकतो. तिथे दोष दुधाच्या कमतरतेवर ढकलणं चुकीचंच.

म्हणून मला सर्वांत आवडलेली युक्ती गणितातली नाही, जागा बदलण्याची आहे. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल परिसरात सुस्थितीतल्या आया जास्त पाजतात. दक्षिण ब्राझीलमधल्या पेलोतास शहरात 1993 साली जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत मात्र श्रीमंती आणि स्तनपान यांचं असं नातं जवळजवळ नव्हतंच. 2011 मध्ये संशोधकांनी दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले. स्तनपानाबरोबर वजन आणि रक्तदाब कमी असणं ब्रिस्टलमध्ये दिसत होतं, पेलोतासमध्ये दिसलं नाही. म्हणजे ते श्रेय बहुधा परिस्थितीचं. बुद्ध्यांकाचा फायदा मात्र दोन्हीकडे दिसला. जिथे तिसरी गोष्ट आडवी येत नाही तिथेही नातं टिकतं, तेव्हा मी ते गांभीर्यानं घेते.

बेलारूसमध्ये तर 1996-97 साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशी प्रसूतिगृहांची वाटणी केली. अर्ध्या ठिकाणी आयांना स्तनपानासाठी खास मदत दिली, बाकीच्या ठिकाणी नेहमीचंच चालू ठेवलं. 17,046 बाळं अभ्यासात होती. कोण पाजणार हे आईच्या शिक्षणावर किंवा पैशावर न सोडता, मदत कुणाला मिळणार हे नशिबावर सोडलं. साडेसहा वर्षांच्या वयात मदत मिळालेल्या गटातली मुलं भाषिक बुद्ध्यांकात सरासरी 7.5 गुणांनी पुढे होती. हा आकडा मी जपून वापरते, कारण चाचणी घेणाऱ्या डॉक्टरांना मूल कोणत्या गटातलं ते ठाऊक होतं. तीच मुलं 16 वर्षांची झाली तेव्हा भाषिक चाचणीतला फरक 1.4 गुणांवर आला होता. आयांशी बोलताना मी हाच दुसरा आकडा सांगते, आणि पाठोपाठ हेही, की जुलाब आणि संसर्गापासून बाळाचा बचाव हे पाजण्याचं याहून कितीतरी पक्कं कारण आहे.