कोथिंबीर-पुदिन्याचे घट्ट सॅलड ड्रेसिंग: पातळ का होते, काळे का पडते?

खडकी उपबाजारात किंवा गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कोथिंबिरीची आवक वाढली, की जुडीचा दर अनेकदा काढणी व वाहतुकीचा खर्चही भरून काढत नाही. अशा वेळी प्रक्रियेचा विचार होतो. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. एक किलो दह्याच्या ड्रेसिंगला जेमतेम एक जुडी लागते, त्यामुळे पडलेल्या बाजारावर हा उपाय नाही. मात्र घरी दूध असलेल्या कुटुंबाला किंवा बचत गटाला दही आणि पालेभाजी एकत्र विकण्याचा हा सोपा मार्ग आहे.

पाला कोणता घ्यावा?
हा पाला कच्चाच खाल्ला जातो. त्यामुळे फवारणीनंतरचा प्रतीक्षा कालावधी पूर्ण झालेलाच माल घ्यावा. सांडपाण्यावर वाढलेला किंवा ताजे शेण घातलेल्या वाफ्यातील पाला वापरू नये. फुलावर आलेली कोथिंबीर उग्र लागते, ती टाळावी.

साहित्य
- साय न काढलेल्या दुधाचे ताजे दही 1 किलो
- निवडलेली कोथिंबीर 60 ग्रॅम, पुदिन्याची पाने 20 ग्रॅम, शेपू 10 ग्रॅम
- लसूण 2 पाकळ्या, हिरवी मिरची 1
- शेंगदाणा तेल 2 मोठे चमचे, मोहरीची पूड अर्धा लहान चमचा
- लिंबाचा रस 1 मोठा चमचा, मीठ 1 लहान चमचा

कृती
1. दही स्वच्छ मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्ये 4 तास निथळत ठेवा. निवळी फेकू नका.
2. पाला पिण्यायोग्य पाण्याने तीन वेळा धुवा. उकळत्या पाण्यात 10 ते 15 सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि घट्ट पिळा.
3. पाला, लसूण, मिरची, मोहरीची पूड आणि तेल मिक्सरमध्ये बारीक वाटा.
4. निथळलेल्या दह्यात हे वाटण हाताने फेटून मिसळा. हवे तेवढे सैल करण्यासाठी निवळी वापरा.
5. मीठ आणि लिंबू वाढण्यापूर्वीच घाला.

नेमके कुठे चुकते?
*पातळ होणे:* दह्याचा घट्टपणा त्यातील प्रथिनांच्या जाळीमुळे असतो. मिक्सरच्या पात्याने ही जाळी तुटते आणि पाणी सुटते. ओला पाला आणि आधी घातलेले मीठ यांनी त्यात भर पडते. मोहरीची पूड तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवण्यास मदत करते.

*रंग काळपट होणे:* वाटताना पाल्यातील विकरे मोकळी होतात. क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवल्याने ती निष्क्रिय होतात. दह्याच्या आंबटपणामुळे हरितद्रव्याचा रंग पुढे हळूहळू मळकट हिरवा होतोच, म्हणून थोडेच बनवा.

साठवण व विक्री
धुऊन कोरड्या केलेल्या बरणीत, 5 अंश सेल्सिअसच्या खाली ठेवून 3 दिवसांत संपवा. कच्चा लसूण आणि पाला तेलात मुरवून बाहेर ठेवू नका. हवाबंद तेलात घातक विष तयार करणारे जिवाणू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही.

विकायचे असल्यास एफएसएसएआय नोंदणी आवश्यक आहे. लेबलवर दूध, मोहरी व शेंगदाण्याचा उल्लेख करावा. टिकवण कालावधी अंदाजाने न छापता प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पहिले महिनाभर फक्त आगाऊ मागणीवरच बनवा. माल उरला नाही, तरच हिशेब जमतो.