मास्टरकार्डला ‘थांबा’ कोण म्हणू शकतं?

कंपन्या आता देशांपेक्षा मोठ्या झाल्यात, सरकारांच्या हातात काही उरलेलं नाही, हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. इंजिनिअरिंगच्या कट्ट्यावर मी स्वतः ते दहादा फेकलंय. मग नोकरीला लागलो आणि एका सर्क्युलरने माझं मत बदललं.

६ एप्रिल २०१८. रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की भारतातल्या पेमेंटचा सगळा डेटा भारतातच, आणि फक्त भारतातच, ठेवायचा. मुदत सहा महिने. परदेशी कंपन्या म्हणाल्या, एक कॉपी इथे ठेवतो, एक आमच्याकडे राहू दे. रिझर्व्ह बँक ‘नाही’ म्हणाली. अमेरिकेच्या दोन सिनेटर्सनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, तरी मुदत वाढली नाही. पुढच्या वर्षी एवढीच सवलत मिळाली, की प्रोसेसिंग बाहेर करा, पण २४ तासांच्या आत तिकडचा डेटा पुसून इकडे आणा.

मी पुण्यात पेमेंटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत अगदी नवखा होतो. मला वाटलं, सर्व्हर बदलायचा, संपलं काम! डेटाबेस हलवणं खरंच सोपं निघालं. डोकं खाल्लं ते लॉग्सनी. एरर आली की तिचा रिपोर्ट परदेशातल्या एका टूलकडे जायचा आणि त्या रिपोर्टमध्ये व्यवहाराचे तपशील चिकटलेले असायचे. बॅकअप तिसरीकडेच. आपला डेटा कुठे कुठे फिरतो, हे आमच्याच टीमला पहिल्यांदा कळत होतं.

आता जुलै २०२१. मास्टरकार्डने हा नियम पाळला नाही म्हणून रिझर्व्ह बँकेने आदेश काढला: २२ जुलैपासून भारतात नवीन ग्राहक घ्यायचे नाहीत. अमेरिकन एक्सप्रेस आणि डायनर्स क्लबवर अशीच बंदी मे महिन्यापासून होतीच. जुनी कार्डं चालू राहिली, पण जी बँक एकट्या मास्टरकार्डवर विसंबून होती, तिला नवीन क्रेडिट कार्डं देता येईनात. मास्टरकार्डवरची बंदी उठली जून २०२२ मध्ये. म्हणजे जवळजवळ वर्षभर!

हे जमलं कसं? रिझर्व्ह बँकेला अमेरिकेतल्या सर्व्हरला हात लावायची गरजच नव्हती. कार्ड नेटवर्क जगभर पसरलेलं असलं तरी कार्ड तुमच्या हातात देते ती इथली बँक, आणि तिचं लायसन्स रिझर्व्ह बँकेकडे. नेटवर्कला स्वतःलाही इथे धंदा करायला २००७ च्या कायद्याखाली परवानगी लागते. शिवाय पर्याय तयार होता: २०१२ पासून रुपे, २०१६ पासून यूपीआय. पर्याय नसताना असा ‘थांबा’ म्हणून बघा, आपलेच लोक काउंटरवर अडकतील.

रशियाचं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये क्रिमियानंतरच्या निर्बंधांमुळे व्हिसा-मास्टरकार्डने तिथल्या काही बँकांची सेवा थांबवली. रशियाने धडा घेतला, देशातले कार्ड व्यवहार स्वतःच्या यंत्रणेतून फिरवायला लागला. मार्च २०२२ मध्ये दोन्ही कंपन्या बाहेर पडल्या, तेव्हा रशियन बँकांची व्हिसा-मास्टरकार्ड कार्डं देशाच्या आत चालतच राहिली. सीमेबाहेर मात्र तीच कार्डं बंद, आणि ॲपल पे तर घरातही बंद. सरकारची ताकद नेमकी कुठपर्यंत पोचते, ते इथे दिसतं.

बरं, मी रिझर्व्ह बँकेची आरती करत नाहीये. डेटा मुंबईत ठेवला म्हणून सुरक्षित होत नाही, तो मुंबईतूनही चोरीला जाऊ शकतो. सर्क्युलरमधलं कारणही स्पष्ट होतं: देखरेखीसाठी डेटा अडथळ्याविना हाताशी हवा. तुमच्या-माझ्या खाजगीपणाचा कायदा संसदेत पास व्हायला ऑगस्ट २०२३ उजाडला. आधी सरकारची सोय, मग आपली. हे मला आजही खटकतं.

आणि आता आपल्या खिशातला फोन काढा. यूपीआय आपलं, चालवते एनपीसीआय. पण शंभरातले साधारण ऐंशी व्यवहार दोनच ॲप्सवर होतात: वॉलमार्टच्या मालकीचं फोनपे आणि गूगल पे. एका ॲपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नकोत, हा नियम एनपीसीआयने नोव्हेंबर २०२० मध्येच जाहीर केला. जुन्या ॲप्सना आधी २०२२ अखेरपर्यंत वेळ दिला, मग २०२४, मग डिसेंबर २०२६. कारण सरळ आहे. मास्टरकार्डला थांबवलं तेव्हा तुमचं जुनं कार्ड चालू होतं. इथे मर्यादा लावायची म्हणजे चहाच्या टपरीवर स्कॅन करणाऱ्या कोट्यवधी लोकांपैकी कुणाला तरी सांगायचं, की तुमचं ॲप आजपासून नाही. ते सांगायला कोण पुढे होणार?

तुमच्या फोनमध्ये या दोघांशिवाय तिसरं यूपीआय ॲप आहे का? असेल तर शेवटचं कधी उघडलं होतं, ते बघून सांगा. माझ्याकडे आहे. पिन विसरलोय.