प्रक्षेपण संपते, जाहिरात मागे उरते

नांदेड/लातूर : माळेगावच्या खंडोबाची यात्रा असो, लातूरच्या सिद्धेश्वराचा उत्सव असो की गणेश विसर्जनाची मिरवणूक, असे सोहळे आता घरबसल्या थेट पाहता येतात. यूट्यूबवर १२ तासांपेक्षा कमी चाललेले थेट प्रक्षेपण संपल्यावर आपोआप जतनही होते. पण सोहळ्यासोबत पडद्याच्या तळाशी धावलेली शिकवणीवर्गाची पट्टी आणि मध्येच दाखवलेली सराफी दुकानाची सवलत, हीसुद्धा जतन होते. प्रवेशाची तारीख उलटते, सवलत संपते. चित्रफीत मात्र वर्षानुवर्षे तेच सांगत राहते. ही जुनी जाहिरात काढून तेथे नवी बसवता येते का? उत्तर अवलंबून आहे ते जाहिरात चित्रात कशी मिसळली आहे यावर.

सुटी जाहिरात आणि मुरलेली जाहिरात

इंटरनेटवरून येणारे थेट चित्रण सलग नसते. त्याचे काही सेकंदांचे लहान लहान तुकडे केलेले असतात आणि कोणत्या तुकड्यानंतर कोणता दाखवायचा, याची यादी सर्व्हर सतत पाठवत राहतो. मोबाइल ती यादी वाचून तुकडे एकामागून एक लावतो. जाहिरातीची वेळ झाली की मूळ प्रवाहात एक अदृश्य खूण टाकली जाते. या खुणेसाठी ‘एससीटीई-३५’ हे मानक जगभर रूढ आहे. खूण दिसताच सर्व्हर यादीतील तुकडे बदलतो आणि त्या जागी दुसऱ्या जाहिरातीचे तुकडे ठेवतो. त्यामुळे एकच सामना पाहताना षटकांच्या मधल्या वेळेत नांदेडच्या प्रेक्षकाला एक आणि मुंबईच्या प्रेक्षकाला दुसरी जाहिरात दिसू शकते. २०२३ च्या आयपीएलचे जिओ सिनेमावर मराठीसह १२ भाषांत प्रक्षेपण झाले. इतक्या विविध प्रेक्षकांपर्यंत वेगवेगळ्या जाहिराती पोहोचवायच्या, तर अशीच व्यवस्था लागते.

दूरचित्रवाणीत हा विचार त्याआधीच आला होता. उपग्रह वाहिनीचे चित्र देशभर एकच असल्याने लहान शहरातील व्यापाऱ्याला तेथे जाहिरात परवडत नसे. बंगळुरूत २००८ मध्ये स्थापन झालेल्या अमागी या कंपनीने राष्ट्रीय वाहिन्यांवरील जाहिराती विभागवार बदलून दाखवण्याची सेवा सुरू केली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून.

थेट प्रक्षेपणात एक बंधन असते. ६० सेकंदांची जागा ६० सेकंदांतच भरावी लागते. अन्यथा पुढचा चेंडू हुकतो. ध्वनिचित्रमुद्रणाला ही घाई नाही. खुणा जपून ठेवल्या असतील, तर त्याच जागी लहान वा मोठी नवी जाहिरात बसवता येते किंवा ती जागा गाळूनही टाकता येते.

खूणच नसेल तर?

स्थानिक प्रक्षेपणात बहुधा खुणा नसतात. जाहिरात थेट चित्रातच मिसळलेली असते. अशा वेळी ती शोधण्यासाठी संगणक आवाजाचा ठसा जुळवतो, काळी चौकट किंवा वाहिनीचे बोधचिन्ह नाहीसे होण्याचा क्षण टिपतो. मग कापणी होते. त्यातही अडचण आहे. आकार कमी करण्यासाठी चित्रफितीत मोजक्याच चौकटी पूर्ण साठवल्या जातात; मधल्या चौकटींत केवळ झालेला बदल नोंदवलेला असतो. पूर्ण चौकटीवर कापले तर सांधा स्वच्छ बसतो. भलत्याच ठिकाणी कापले तर चित्र फाटते किंवा तो भाग पुन्हा एन्कोड करावा लागतो.

कार्यक्रम थांबवून दाखवलेली जाहिरात अशी काढता येते. मात्र पालखी चालू असताना तळाशी धावलेली पट्टी काढणे जवळपास अशक्य, कारण तिच्या मागचे दृश्य साठवलेलेच नसते. पट्टी झाकता येते, पुसता येत नाही.

कायद्याचाही प्रश्न

हा प्रश्न केवळ नीटनेटकेपणाचा नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. बेकायदा जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. त्याआधीच्या क्रिकेट सामन्यांत मात्र अशा जाहिराती जागोजागी आहेत. षटकांमधली जाहिरात बदलता येईल. पण २०२३ पासून या कायद्यापर्यंत भारतीय संघाच्या पोशाखावर झळकलेले ड्रीम इलेव्हनचे नाव चित्रातून कसे काढणार? कायदा एका दिवसात बदलतो, संग्रह बदलत नाही.

लहान वाहिन्यांनी काय करावे?

यूट्यूबवर एकदा चढवलेल्या चित्रफितीच्या जागी त्याच दुव्यावर दुसरी फीत ठेवता येत नाही. तिच्या संपादकात नको असलेला भाग कापता येतो आणि दुवा व प्रेक्षकसंख्या कायम राहते. मात्र सहा तासांपेक्षा लांब फितीला ही सोय नाही. प्रायोजकाचा भाग नंतर बदलता यावा अशी सुविधा आणण्याची घोषणा यूट्यूबने सप्टेंबर २०२५ मध्ये केली.

तोवर साधी शिस्तच उपयोगी पडते. अनेक व्हिडिओ मिक्सरमध्ये पट्ट्यांविना चित्र बाहेर देण्याची सोय असते. त्या स्वच्छ चित्राची वेगळी प्रत ठेवावी. जाहिरात केव्हा सुरू झाली, केव्हा संपली याची नोंद करावी. लांब सोहळ्याचे प्रक्षेपण सहा तासांच्या आत तोडून भागांत करावे. आणि जाहिरात केवळ थेट प्रक्षेपणापुरती आहे की मुद्रणातही राहणार, किती काळ राहणार, हे दुकानदाराशी आधीच लेखी ठरवावे. एका दिवसाचे पैसे घेऊन दहा वर्षे जाहिरात दाखवणे वाहिनीला परवडणारे नाही. आणि बंद झालेली सवलत दहा वर्षे दाखवली जाणे दुकानदारालाही.